समुद्रतळावर सापडलेलं जुनं लष्करी विमान कसं ओळखायचं

समुद्रतळावर विमान सापडलं की पहिल्या दिवशीच कुणीतरी त्याचं नाव ठरवून टाकतं आणि पुढची सगळी मेहनत ते नाव खरं करण्यात जाते. ओळख चुकते ती बहुतेक वेळा इथेच. प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. हे कोणत्या प्रकारचं विमान आहे, हा पहिला. त्या प्रकारच्या शेकडो किंवा हजारो विमानांपैकी हे नेमकं कोणतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर इंजिन, चाकं आणि पंखांची ठेवण बघून बऱ्यापैकी लवकर मिळतं. दुसऱ्याचं उत्तर विमानावरचा क्रमांक आणि अभिलेखागारातली नोंद जुळली तरच मिळतं. खालची पद्धत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांसाठी आहे.

## पाण्यात उतरण्याआधी

लष्करी विमान बुडून कितीही वर्षं झाली तरी सहसा ते ज्या देशाचं होतं त्याच देशाच्या मालकीचं राहतं. अमेरिकेचा २००४ चा बुडालेल्या लष्करी यानांविषयीचा कायदा हेच सांगतो. ब्रिटनमध्ये १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्याने कोसळलेलं प्रत्येक लष्करी विमान आपोआप संरक्षित ठरतं, त्यासाठी वेगळी घोषणा लागत नाही. युनेस्कोचा २००१ चा करार किमान १०० वर्षं पाण्याखाली असलेल्या अवशेषांसाठी आहे. दुसऱ्या महायुद्धातली विमानं त्यात अजून बसत नाहीत, पण म्हणून मोकळं रान मिळालं असं समजू नका. आधी किनारपट्टीच्या देशाच्या सागरी आणि वारसा यंत्रणेला कळवा, परवानगी घ्या, मगच पुढचं काम.

पाण्यातले धोके ठरलेले आहेत: अडकलेली मासेमारीची जाळी, सुरीसारखे धारदार पत्रे, उठणारा गाळ, प्राणवायूच्या टाक्या आणि दारूगोळा. बॉम्ब आणि काडतुसं खाऱ्या पाण्यात निकामी होतात हा समज चुकीचा आहे, त्यांना हात लावायचा नाही. आणखी एक धोका लक्षात येत नाही. कॉकपिटमधल्या मापकांच्या तबकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग असे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे, म्हणजे तबकडीची चमक गेली तरी किरणोत्सार तसाच आहे.

माणसाचे अवशेष, पॅराशूटचे पट्टे, बूट असं काही दिसलं की तिथलं काम थांबवा आणि कळवा. अशी जागा कबर मानली जाते.

तुकडा वर काढू नका. खाऱ्या पाण्यात दशकानुदशकं मुरलेल्या ॲल्युमिनियममध्ये क्लोराइड साठलेलं असतं आणि हवा लागली की क्षरण झपाट्याने वाढतं. इंग्लंडजवळच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावरून २०१३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने डॉर्नियर १७ बॉम्बर वर काढलं, तेव्हा त्याला दीर्घकाळ सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाच्या फवाऱ्याखाली ठेवावं लागलं. तेवढी सोय नसेल तर तुकडा खालीच सुरक्षित आहे. जाळ्यातून आधीच वर आलेला असेल तर सुकू देऊ नका. पाण्यातच ठेवा आणि संवर्धनतज्ज्ञांकडे सोपवा.

## सोनार आणि मॅग्नेटोमीटर

साइड-स्कॅन सोनारने (ध्वनिलहरींनी तळाची प्रतिमा देणाऱ्या यंत्राने) शोधताना दोन्ही बाजूंना ७५ ते १०० मीटरचा पल्ला ठेवा. लक्ष्य सापडल्यावर ६०० ते ९०० किलोहर्ट्झवर, २५ ते ५० मीटरच्या पल्ल्याने पुन्हा फेऱ्या मारा. ओढयंत्राची (बोटीमागे पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या सोनारची) तळापासूनची उंची पल्ल्याच्या १० ते २० टक्के असावी. खूप वर राहिलं तर सावली (वस्तूमागची, ध्वनी न पोचलेली काळी जागा) आखूड पडते, आणि विमान ओळखताना प्रतिमेपेक्षा सावलीच जास्त बोलते. पंख गाळात गेलेले असले तरी उभी शेपूट सावलीत स्पष्ट दिसते. काटकोनातल्या किमान दोन दिशांनी फेऱ्या घ्या, नाहीतर दुहेरी शेपटीतली एक बाजू दुसरीमागे लपते.

उंची काढायचं सूत्र सोपं आहे: सावलीची लांबी गुणिले ओढयंत्राची उंची, भागिले ओढयंत्रापासून सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. सावली १० मीटर, ओढयंत्र तळापासून ८ मीटर वर आणि सावलीचं टोक ४० मीटरवर असेल तर वस्तू २ मीटर उंच.

मॅग्नेटोमीटरकडून, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राकडून, फार अपेक्षा ठेवू नका. ॲल्युमिनियम चुंबकीय नाही, यंत्राला दिसतं ते इंजिन, तोफा आणि चिलखती पत्र्यातलं पोलाद. ढोबळ हिशेब असा: लोखंडाचं वजन टनांत घ्या, १०,००० ने गुणा आणि मीटरमधल्या अंतराच्या घनाने भागा, उत्तर नॅनोटेस्लामध्ये येतं. ३०० किलो पोलाद १० मीटरवरून जेमतेम ३ नॅनोटेस्ला दाखवेल, ५ मीटरवरून २४. म्हणून संवेदक तळापासून ५-६ मीटरवर चालवा. याचा खरा उपयोग गाळात पुरलेलं, धडापासून तुटून लांब पडलेलं इंजिन शोधायला होतो.

## नोंद आणि मोजमाप

पहिल्या बुडीत काहीही साफ करायचं नाही. पूर्ण अवशेषाची फोटोग्रॅमेट्री करा, म्हणजे छायाचित्रं जोडून त्रिमितीय प्रतिमान बनवा: एकावर एक ७० ते ८० टक्के येणारी छायाचित्रं, आधी वरून समांतर पट्ट्यांत, मग दोन्ही बाजूंनी तिरकी, आणि चौकटीत किमान तीन मापपट्ट्या वेगवेगळ्या दिशांना ठेवलेल्या. पट्टी एकच असेल तर प्रतिमान ताणलं गेलं तरी कळत नाही. नाकाची दिशा होकायंत्राने नोंदवा, पण होकायंत्र इंजिनापासून लांब धरा.

पंखांच्या एकूण लांबीवर भिस्त ठेवू नका. टोकं तुटलेली असतात, वाळूत असतात, पत्रा वाकलेला असतो. शिवाय आकडे एकमेकांच्या फार जवळ आहेत. ब्रिटिश हरिकेनची पंखलांबी १२.२ मीटर, जपानी झीरोच्या मॉडेल २१ ची १२.० मीटर, पाण्याखाली २० सेंटिमीटरचा फरक कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जे वाकत नाही ते मोजा: दोन इंजिनांच्या मध्यांमधलं अंतर, टायरचा व्यास, पंखातल्या मुख्य तुळ्यांमधलं अंतर, शेपटीच्या आडव्या पृष्ठाची लांबी, प्रोपेलरच्या मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंतचं माप.

काय उरतं आणि काय जातं, हेही डोक्यात असू द्या. रडर (शेपटीचा हलता भाग) आणि एलरॉनवरचं (पंखाच्या हलत्या भागावरचं) कापड गेलेलं असतं, फक्त सांगाडा दिसतो. लाकूड बहुधा नाहीसं होतं, त्यामुळे मॉस्किटोसारख्या लाकडी विमानाची इंजिनं, चाकांचे पाय आणि तोफाच उरू शकतात. मॅग्नेशियमचे भाग विरघळतात. टायर, स्टेनलेस स्टीलचे धुराडे आणि चिलखती काच मात्र चांगल्या टिकतात.

## इंजिन

प्रकार ठरवायला इंजिनाइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, कारण ते जड असतं आणि आकार सोडत नाही. आधी सिलिंडर गोलाकार मांडलेत की दोन रांगांत, ते बघा.

गोलाकार असतील तर मोजा (कंसात ते इंजिन असलेली विमानं). एका ओळीत नऊ: राइट आर-१८२० (बी-१७), ब्रिस्टल पेगासस (सुरुवातीची वेलिंग्टन, संडरलँड), बीएमडब्ल्यू १३२ (युंकर्स ५२). दोन ओळींत मिळून चौदा: प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३० (बी-२४, कॅटलिना, वाइल्डकॅट), राइट आर-२६०० (मिचेल, ॲव्हेंजर), नाकाजिमा साकाए (झीरो), बीएमडब्ल्यू ८०१ (फॉके-वुल्फ १९०). अठरा: आर-२८०० (कोर्सेअर, हेलकॅट, थंडरबोल्ट, मरॉडर) किंवा बी-२९ चं आर-३३५०. चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर शेपटीविना सापडलं तरी नऊ सिलिंडर म्हणजे बी-१७ आणि चौदा म्हणजे बी-२४, एवढं एका बुडीत ठरू शकतं.

चौदा सिलिंडरांत गोंधळ होतो. तिथे फुटलेल्या सिलिंडरचा आतला व्यास मोजा. साकाएचा १३० मिलिमीटर, आर-१८३० चा १४०, आणि आर-२६०० व बीएमडब्ल्यू ८०१ या दोन्हींचा सुमारे १५६. म्हणजे शेवटच्या दोघांत व्यास काहीच सांगत नाही. तिथे पुढचा थंडाव्याचा पंखा शोधा, तो बीएमडब्ल्यूवर असतो. झडपा उघडणाऱ्या दांड्यांच्या नळ्या मुळीच नसतील तर ब्रिस्टलचं स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिन आहे: हर्क्युलिस चौदा सिलिंडरचं, सेंटॉरस अठराचं.

बारा सिलिंडर व्ही आकारात असतील तर मर्लिन (स्पिटफायर, हरिकेन) आणि ॲलिसन (पी-३८, पी-४०) सरळ व्ही, डायमलर-बेन्झ (डीबी) ६०१ व ६०५ (मेसरश्मिट १०९) आणि युंकर्स युमो २११ (स्टुका) उलटे व्ही. व्यास: मर्लिन १३७, ॲलिसन १४०, डीबी ६०१ आणि युमो २११ दोन्ही १५०, डीबी ६०५ चा १५४ मिलिमीटर. इथे एक सापळा आहे. विमान उताणं पडलं असेल तर उलटा व्ही सरळ दिसतो आणि मेसरश्मिटचं स्पिटफायर होतं. आधी पंखाची कोणती बाजू वर आहे ते पक्कं करा; चाकांचे कप्पे आकाशाकडे असतील तर विमान उलटं आहे. सुपरचार्जरही (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) बघा. मर्लिनचा इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो, डायमलर-बेन्झचा डाव्या कुशीला. आणि डीबी ६०१ निघालं म्हणजे विमान जर्मनच, असंही नाही; त्याच्या परवान्यावर बनलेल्या आवृत्त्या इटलीच्या मॅक्की २०२ मध्ये आणि जपानच्या की-६१ मध्ये बसवल्या होत्या.

## प्रोपेलर, चाकं, बाकीचे अवयव

पात्यांची संख्या नोंदवा आणि पीळ बघा. वैमानिकाच्या जागेवरून मर्लिनचा प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतो, ग्रिफनचा (नंतरच्या स्पिटफायरच्या इंजिनाचा) उलट. एक पातं शिल्लक असलं तरी पिळावरून दिशा कळते. पी-३८ च्या दोन इंजिनांचे प्रोपेलर एकमेकांच्या विरुद्ध फिरत. पाती मुळाशी तुटून खुंटच उरले असतील तर ती लाकडी असण्याची शक्यता आधी तपासा. पातं वाऱ्याला धार करून वळवलेलं असेल तर ते इंजिन वैमानिकाने हवेतच बंद केलं होतं, आणि हा तपशील पुढे अहवालाशी जुळवताना फार उपयोगी पडतो.

चाकं कशी मिटतात, यावरून लढाऊ विमानांची चाळणी पटकन होते. स्पिटफायर आणि मेसरश्मिट १०९ ची बाहेरच्या बाजूला मिटतात. हरिकेन, फॉके-वुल्फ १९०, मस्टँग आणि झीरोची आतल्या बाजूला. पी-४० आणि कोर्सेअरची मागे जाताना ९० अंशांत वळतात, वाइल्डकॅटची थेट धडात जातात. पंखाच्या बाबतीत उलटा गल-पंख (धडापासून आधी खाली आणि मग वर वळणारा) म्हणजे कोर्सेअर किंवा स्टुका, शंकरपाळ्यांच्या आकाराच्या जाळीचा सांगाडा म्हणजे वेलिंग्टन. झीरोचा पंख आणि कॉकपिटखालचा धडाचा भाग एकसंध बांधलेला असतो, म्हणून ते वेगळे झालेले क्वचित दिसतात.

देश ठरवायला आतला रंग बघा, बाहेरचा बहुधा गेलेला असतो. जपानी विमानांत आतून निळसर-हिरवा पारदर्शक, धातूसारखा चमकणारा थर असतो, अमेरिकन विमानांत झिंक क्रोमेट या गंजरोधक लेपाचा पिवळा किंवा हिरवा, ब्रिटिशांत राखाडी-हिरवा. नट-बोल्ट इंचांत की मिलिमीटरमध्ये, तेही मोजा. फक्त एक ध्यानात ठेवा: हे सगळं विमान कुठे बनलं ते सांगतं, कोण उडवत होतं ते नाही. अमेरिकन कारखान्यातली विमानं ब्रिटिश, सोव्हिएत, फ्रेंच आणि डच पथकांकडेही होती.

## क्रमांक

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अवशेषावर दिसणारे बहुतेक आकडे भागाचे क्रमांक असतात, विमानाचे नाहीत. ते निरुपयोगी नाहीत, पण त्यांचा अर्थ नीट घ्यावा लागतो. स्पिटफायरच्या भागांवर सुरुवातीला आराखड्याचा आकडा असतो: ३०० म्हणजे मार्क (आवृत्ती) १, ३२९ म्हणजे मार्क २, ३४९ म्हणजे मार्क ५, ३६१ म्हणजे मार्क ९. मात्र मार्क ९ मध्येही ३०० ने सुरू होणारे भाग भरपूर सापडतात, कारण न बदललेला भाग जुन्याच आराखड्याने बनत राहिला. म्हणून एका भागावरून प्रकार ठरवायचा नाही. जितके सापडतील तितके क्रमांक गोळा करा आणि त्यातला सर्वांत नंतरचा आराखडा धरा. जर्मन विमानांत सांगाड्याच्या प्रकाराला ८ आणि इंजिनाला ९ हा उपसर्ग असतो, जसं ८-१०९ किंवा ९-६०१.

विमानाचा स्वतःचा क्रमांक कुठे शोधायचा, हे देशागणिक बदलतं. ब्रिटिश क्रमांक धडाच्या मागच्या भागात, शेपटीच्या पुढे, साधारण २० सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत. अमेरिकन लष्कराच्या (नौदलाच्या नव्हे) विमानात शेपटीवर, पण वर्षाचा पहिला आकडा गाळून: ४२-६८२२३ हे शेपटीवर २६८२२३ असं लिहिलं जाई. शिवाय कॉकपिटजवळ धडाच्या डाव्या बाजूला पूर्ण तपशिलाचा छोटा मजकूर असे. जर्मन बॉम्बरवर धडावरच्या क्रॉसच्या डावीकडची दोन चिन्हं दलाची, उजवीकडचं पहिलं अक्षर विमानाचं आणि शेवटचं तुकडीचं. रंगवलेली अक्षरं गाळात दबलेल्या बाजूला टिकतात, म्हणून उघडी बाजू कोरी दिसली म्हणून निराश होऊ नका.

ठोकलेले आकडे वाचताना तारेचा ब्रश वापरला की काम संपलं. ठोकलेल्या खुणा उथळ असतात आणि क्षरणाच्या थरातच उरलेल्या असू शकतात. थर गेला की आकडाही गेला. परवानगीत बसत असेल तर मऊ प्लॅस्टिकच्या पट्टीने सैल वाढ बाजूला करा. मग दिवा पृष्ठभागाशी १० ते २० अंशांत तिरका धरून चारही दिशांनी छायाचित्रं घ्या. ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ हमखास चुकतात. दोघांनी एकमेकांना न सांगता वाचावं आणि मग ताडून बघावं. शंका असलेल्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावं, अंदाज नाही.

एवढासा क्रमांक काय करू शकतो, याचं ठळक उदाहरण म्हणजे 'द लिटल प्रिन्स'चे फ्रेंच लेखक आणि वैमानिक अंत्वान द सेंत-एक्झुपेरी यांचं विमान. ३१ जुलै १९४४ ला ते पी-३८ च्या टेहळणी आवृत्तीतून निघाले आणि परतले नाहीत. मार्सेयजवळ रियू बेटापाशी २००० मध्ये सापडलेल्या अवशेषांतले तुकडे २००३ मध्ये वर काढले गेले. त्यातल्या एका पत्र्यावर '२७३४ एल' असं ठोकलेलं होतं. हा पी-३८ बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीचा कारखाना-क्रमांक, तो लष्करी क्रमांक ४२-६८२२३ शी जुळला आणि २००४ मध्ये ओळख पक्की झाली. त्याच परिसरात एक डायमलर-बेन्झ इंजिनही निघालं, ते भलत्याच विमानाचं. जाळी ओढणाऱ्या बोटी तुकडे इकडचे तिकडे करतात. दोन अवशेष एकमेकांत मिसळलेत का, हा प्रश्न दर वेळी विचारायचा.

इंजिनाची पाटी सापडली की उत्साहाच्या भरात तोच विमानाचा क्रमांक धरला जातो. इंजिनं बदलली जात, एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवली जात. इंजिनाचा क्रमांक उपयोगी तेव्हाच, जेव्हा विमान हरवलं त्या वेळच्या नोंदीत तो लिहिलेला असतो. काडतुसाच्या बुडावरचं वर्षही असंच मर्यादित पण पक्कं: १९४३ असेल तर विमान त्याआधी बुडालेलं नाही. हे उघड्यावर पडलेल्या काडतुसाच्या छायाचित्रावरून वाचायचं, उचलून नव्हे.

## नोंदींशी जुळवणी

प्रकार ठरला की त्या परिसरात त्या प्रकारची किती विमानं हरवली, याची यादी करा. फक्त प्रसिद्ध घटना घेऊ नका, सराव-उड्डाणं आणि वाहतुकीतले अपघातही घ्या. अमेरिकन हवाई दलासाठी १९४३ पासूनचे बेपत्ता विमानांचे अहवाल आहेत आणि त्यांत विमानाबरोबर इंजिनांचे, मशीनगनचेही क्रमांक असतात. इंजिनाची पाटी इथे सोन्याच्या मोलाची ठरते. ब्रिटिश पथकांच्या दैनंदिन नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २७' या मालिकेत आहेत. जर्मन नुकसान-याद्यांत कारखाना-क्रमांक आणि नुकसानीची टक्केवारी असते, पूर्ण गमावलेलं विमान १०० टक्के. जर्मन कारखाना-क्रमांक वेगवेगळ्या प्रकारांत पुन्हा येऊ शकतो, म्हणून तो कधीही प्रकाराशिवाय वापरू नका.

नोंदीतल्या जागेवर आंधळा विश्वास ठेवू नका. दिशा, वेग आणि वेळ यांच्या अंदाजावरून काढलेली जागा कित्येक मैल चुकलेली असते, आणि शेवटचा संदेश जिथून आला ती जागा म्हणजे कोसळल्याची जागा नव्हे. वेळही एकाच घड्याळावर आणा: युद्धकाळात ब्रिटनमध्ये १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळं ग्रीनिचपेक्षा दोन तास पुढे असत.

मग अवशेषाची अवस्था आणि अहवाल शेजारी ठेवा. वैमानिकाने हवेत उडी मारली असं अहवाल सांगतो आणि विमान मात्र फ्लॅप (उतरताना पंखामागे खाली सोडायचे पत्रे) खाली सोडून अख्खं पाण्यावर उतरवलेलं दिसतं, तर तो उमेदवार बाद. उजवं इंजिन बंद पडल्याचं लिहिलंय आणि वळवलेली पाती डाव्या बाजूला आहेत, तर तोही बाद. उमेदवार असे एकेक करून वगळायचे असतात. यादीतलं एकही नाव बसत नसेल तर विमान मुळात कोसळलेलं आहे का, ते बघा. युद्धानंतर नको असलेली विमानं समुद्रात लोटली गेली. पॅसिफिकमधल्या क्वाजालेन प्रवाळद्वीपाच्या खाजणात डॉंटलेस, कोर्सेअर, मिचेल अशी बरीच विमानं त्यातून एकत्र पडलेली आहेत. अशा विमानांची नुकसान-नोंद सापडणारच नाही. इंजिनं आणि उपकरणं आधीच काढून घेतलेली असणं, ही त्याची मोठी खूण.

निष्कर्ष तीन पातळ्यांवर लिहा. विमानाचा क्रमांक आणि स्वतंत्र नोंद जुळली तर 'निश्चित'. क्रमांक नाही, पण बाकीचे सगळे उमेदवार भौतिक पुराव्याने बाद झाले तर 'संभाव्य'. केवळ प्रकार आणि जागा जुळत असेल तर 'शक्य', आणि अशा वेळी वैमानिकाचं नाव कुठेही जाहीर करायचं नाही. नातेवाइकांपर्यंत बातमी अधिकृत यंत्रणेमार्फतच जाऊ द्या. अहवालाला छायाचित्रं, मोजमापं, वाचलेले सर्व क्रमांक आणि बाद केलेल्या प्रत्येक उमेदवाराचं कारण जोडा. अक्षांश-रेखांश फक्त यंत्रणेकडच्या प्रतीत द्या, नाहीतर दुसऱ्या मोसमापर्यंत तबकड्या आणि पाट्या गायब झालेल्या असतील. शेवटी दोन विमानं उरली आणि निवडायला पुरावा नसेल, तर दोन्ही क्रमांक लिहा आणि कोणता भाग सापडला तर निवाडा होईल, तेही नमूद करा.